चुका आला का?

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चुका आला.

परदेशातल्या आमच्या पार्सिपनीतला मार्च म्हणजे काही वसंत-बिसंत नव्हे. कॅलेंडरवर ट्यूलिप छापलेले असतात आणि खिडकीबाहेर मळकट बर्फाचे ढीग. ड्राइव्हवेच्या कडेला रेती, मीठ आणि चिखल यांचा नुसता राडा. झाडं खराट्यासारखी उभी. अशात मागच्या कुंपणापाशी, जिथे दुपारी जेमतेम तासभर ऊन पडतं, तिथे गेल्या वर्षीच्या कुजक्या पानांतून चार-पाच गुंडाळलेली टोकं वर येतात. लालसर, हिरवी, करंगळीच्या नखाएवढी. फेब्रुवारी संपला की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जाते आणि वाकून बघते. टोक दिसलं तरी आनंद होत नाही, खोटं कशाला बोलू?

चुका म्हणजे आंबट चुका, पालेभाजी. नागपूरकडच्या लोकांना सांगावं लागत नाही, नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी पुण्याची. आमच्याकडे अळूच्या फदफद्यात टाकायला चुक्याची चार पानं आणायची, तेवढाच त्याचा मान. त्याची वेगळी भाजी करतात, वर लसणाची फोडणी ओतून ती भाताबरोबर वाटी-वाटी खातात, हे मला लग्नानंतर कळलं. मिलिंद, माझा नवरा, नागपूरचा.

हा आमच्या कुंपणापाशीचा चुका माझ्या सासूबाईंनी लावला. दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये. त्या वर्षी मी त्यांना एक वाक्य बोलले, जे कुणी कुणाला बोलू नये. तेव्हापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, त्यांनी मला माफ केलं की नाही. आणि ते सांगायला त्या आता नाहीत.

आदल्या दिवाळीनंतर सासरे गेले. आई नागपूरच्या घरात एकट्या पडल्या म्हणून मिलिंद त्यांना मार्चच्या सुरुवातीला इकडे घेऊन आला, सहा महिन्यांसाठी. आल्या त्या दिवशी विमानतळावरून घरी येईपर्यंत त्या गाडीच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "जमीन मेली का वं इकडची?"

मी म्हटलं, "मेली नाही आई, झोपलीये."

"अशी तोंड उघडं टाकून कोणी झोपते का बाप्पा?"

त्यांचं बोलणं असं. सगळी क्रियापदं 'राहिली'वर जायची. मी येऊन राहिली, मी जेवून राहिली, थंडी वाजून राहिली. आणि मला जगाचं मराठी सुधारायची खोड. शाळेत होती, कॉलेजात होती, सातासमुद्रापार आणली. मी म्हणायचे, "आई, जेवून राहिली नाही, जेवतेय." त्या म्हणायच्या, "तेच तं सांगून राहिली." आणि शांतपणे पुढचा घास घ्यायच्या.

घास तरी कसला. चिमणीएवढं जेवायच्या त्या दिवसांत. मिलिंदचं जाडं जॅकेट साडीवर चढवून खिडकीशी बसायच्या आणि मागच्या अंगणात बर्फ वितळताना बघायच्या. माझी लेक सई तेव्हा पाच वर्षांची, ती आजीपुढे खेळणी आणून टाकायची आणि इंग्रजीत बडबडायची. आजी मान हलवायच्या. मला तेव्हा इथे नोकरी करायची परवानगी नव्हती, दिवसभर आम्ही दोघी घरात. माझी चिडचिड व्हायची. दुःखी माणसाशी काय बोलावं ते मला कळत नाही, आणि कळलं नाही की मी जास्त चिडते.

आम्ही खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर घरमालकीण, हेलेना. पोलंडमध्ये जन्मलेली, तरुणपणी इकडे आलेली, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली म्हातारी. मार्चच्या मध्यात एका दुपारी ती फावडं घेऊन मागच्या अंगणात उतरली. आईंनी खिडकीतून बघितलं आणि चपला शोधायला लागल्या. मी म्हटलं, "आई, बाहेर चार डिग्री आहे." त्या ऐकतायत कुठल्या. मिलिंदचे बूट घालून गेल्या.

मी मागोमाग गेले तर दोघी कुंपणापाशी वाकून उभ्या. हेलेनानं कुजकी पानं बाजूला सारली होती आणि खाली ती लालसर टोकं दिसत होती. एक पान जरा मोठं होतं, बोटभर लांब. आईंनी ते तोडलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. मी "आई, अहो!" म्हणेपर्यंत चावलंसुद्धा. आणि त्यांचा चेहराच बदलला. डोळे मिटले, गालाला खळी पडली, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हे तं चुका आहे वं," त्या म्हणाल्या. "यांचा चुका."

सासऱ्यांना चुक्याची भाजी फार आवडायची, हे मला तेव्हा कळलं. ते गेल्यापासून आई रडल्या नव्हत्या, हे मिलिंदकडून नंतर कळलं. हेलेनाला एक अक्षर समजलं नव्हतं. पण तिनंही एक पान तोडून तोंडात टाकलं आणि आईंच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या आईच्या गावी या पानांचं सूप करतात म्हणाली, वरून उकडलेलं अंडं घालून. हिवाळाभर बटाटे आणि खारवलेली कोबी खाल्ल्यावर पहिलं हिरवं म्हणून हेच उगवायचं.

तिथून पुढे दोघींचं जे सूत जमलं ते बघण्यासारखं होतं. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीचं इंग्रजी मलाच अर्धं कळायचं. तरी तासन् तास बोलत असायच्या. मार्चच्या शेवटी लावणी. हेलेनानं मातीची मूठ वळली आणि उघडली. गोळा तसाच राहिला. तिनं मान हलवली, माती अजून ओली. दोन दिवसांनी परत मूठ वळली, या वेळी गोळा भुसभुशीत होऊन बोटांतून सांडला. आईंनी मला हाक मारली, "पाह्य वं, आमच्या शेतावरही अशीच मूठ पाहत!" मग चुक्याचा जुना गड्डा खणून काढला. हेलेनानं फावडं बरोबर मधोमध ठेवलं आणि पायानं दाबून गड्ड्याचे दोन तुकडे केले. आई दचकल्या. हेलेना म्हणाली, कडेकडेनं तोडलं की दोन्ही मरतात, मधून कापलं की दोन्ही जगतात. अर्धा गड्डा तिनं आईंच्या हातात दिला. बर्फासारखी गार माती, नुसत्या हातांनी आईंनी तो लावला.

पुढच्या महिन्याभरात आमच्या घरात काय काय पिकलं! लाडवासाठी आणलेले अळीव आईंनी थंडीतच ट्रेमध्ये पेरले. चार दिवसांत हिरवीगार लव. अळिवाची पानं खातात हे मला पुण्यात जन्मून माहीत नव्हतं, मोहरीसारखी झणझणीत लागतात. एप्रिलअखेरीला हेलेना तण उपटून फेकत होती तर आई ओरडत धावल्या, "बाप्पा, चाकवत फेकून राहिली ही बाई!" आणि हेलेनानं आईंना तिचं रूबार्ब दाखवलं. जमिनीतून लाल मुठी वर आल्यासारखे कोंब, मग मनगटाएवढे लाल दांडे आणि त्यावर सुपाएवढी पानं. दांड्यांचा ती मुरंबा करायची.

आई जेवायला लागल्या. सईशी बोलायला लागल्या. "पोट्टे, हे खाऊन पाह्य." सई चुक्याचं पान चावायची, तोंड वेडंवाकडं करायची, "आजी, इट्स सो साउर!" आणि परत मागायची. सईनं खाऊन टाकलेल्या आइसक्रीमच्या काड्या आईंनी जमवल्या, तिच्या खडूंनी त्यावर नावं लिहिली आणि जिथे तिथे मातीत खोचली. एका काडीवर मोठ्या गोल अक्षरात 'चुका'. मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. म्हटलं, "आई, अंगणात पाटी लावलीत? चुका?"

"मग? आपल्या चुका आपण पाटी लावून ठेवाव्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं शोधायला नको."

हेलेनानं विचारलं, का हसता? मी सांगितलं, आमच्या भाषेत या भाजीला म्हणतात चुका, आणि माणसाच्या हातून होतात त्या मिस्टेक्स, त्यांनाही चुका. भाजी 'तो', मिस्टेक्स 'त्या', एवढाच फरक. तिनं हातातलं पान उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी जन्मभर चुकांचं सूप पीत आले." आईंना मी भाषांतर करून सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

ती दुपार मला इथेच थांबवता आली असती तर किती बरं झालं असतं.

मेच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले होते. आईंनी सईला डेकेअरमधून आल्यावर चुक्याची भाजी आणि भात भरवला. मी संध्याकाळी घरी आले, गाडीतल्या मास्तरांची बोलणी खाऊन, डोकं आधीच फिरलेलं. पाच मिनिटांत सई भडाभडा ओकली. परत ओकली. तिसऱ्या खेपेला तिच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं, चेहरा पांढराफटक. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात धावले आणि सिंकमध्ये बघितलं तर रूबार्बचे लाल दांडे. नुसते दांडे. पानं नाहीत.

रूबार्बची पानं विषारी असतात. त्याच आठवड्यात मी लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं आणि आईंना सांगायचं विसरले होते.

"आई, भाजीत काय घातलंत?"

"चुका," त्या म्हणाल्या. सईची पाठ चोळत होत्या.

"कुठला चुका? हा? याची पानं कुठं गेली?"

त्यांनी माझ्या हातातल्या दांड्यांकडे बघितलं. "अगं, ती तं..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही माझ्या पोरीला विष घातलंत!" एवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, "तुमचं माणूस गेलं म्हणून माझंही घेऊन जायचंय का?"

हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. पण लिहिलं नाही तर मग हे सगळं कशाला लिहितेय?

मिलिंद आला, आम्ही सईला घेऊन इमर्जन्सीत गेलो. आई घरीच राहिल्या. डॉक्टर म्हणाले, पोटाचा व्हायरस असावा, पण पानाबद्दल सांगताय तर थोडा वेळ नजरेखाली ठेवू. तीन तासांनी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सई टोस्ट खात कार्टून बघत होती.

आणि चौथ्या दिवशी डेकेअरमधून फोन आला. तिच्या वर्गातली अर्धी मुलं उलट्यांनी आजारी होती, सई कशी आहे म्हणून चौकशी. मी फोन ठेवला. आई समोरच सोफ्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर. त्या संध्याकाळपासून त्या स्वयंपाकघरात गेल्या नव्हत्या. सईला हात लावताना आधी माझ्याकडे बघायच्या. मला तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं, "आई, व्हायरसच होता." तीन शब्द. ते मी म्हटले नाहीत. मनाशी म्हटलं, असेल व्हायरस, पण माहीत नसलेली पानं खायला घालायचीच कशाला? स्वतःला वाचवायला माणूस काय काय शोधून काढतो!

आईंनी मिलिंदला तिकीट बदलायला सांगितलं. घर बंद आहे, मन लागत नाही, नणंदेला बरं नाही, अशी कारणं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या, तीन महिने आधी. जाताना सईचे पापे घेतले. हेलेनाला मिठी मारली, दोघी रडल्या. मला म्हणाल्या, "चुका जास्त वाढू देऊ नको. खुडत राह्य."

मी म्हटलं, "हो." त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच.

परवा मिलिंद म्हणाला, ऑगस्टपर्यंत शुगर लँडला जायचं नक्की झालं. टेक्सासमधल्या एका कंपनीत त्याला नोकरी मिळाली आहे. सई आता नऊ वर्षांची, तिला तिथल्या घरामागच्या स्विमिंग पूलची स्वप्नं पडतात. मी हेलेनाला विचारलं, चुक्याचा गड्डा घेऊन जाऊ का? ती आता काठी घेऊन चालते, पण फावडं सोडलेलं नाही. म्हणाली, याला थंडी लागते. चार महिने बर्फाखाली झोपल्याशिवाय हा उठत नाही, तिथल्या उन्हात जमिनीतच शिजेल. म्हणजे हा माझा इथला शेवटचा मार्च. रोज चहाचा कप घेऊन वाकून बघायचा शेवटचा.

पहिला असाच मार्च होता दोन हजार पाचचा. आई नागपूरला परत जाऊन दहा महिने झाले होते. बर्फ वितळला आणि हेलेना साफसफाईला उतरली. वर्षभर तिनं मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मला हाक मारली आणि एक आइसक्रीमची काडी पुढे केली. म्हणाली, रूबार्बच्या बुंध्याशी सापडली. गेल्या वर्षी पानं मोठी झाली त्यात झाकून गेली असणार. तुझ्या सासूनं लावलेली. काय लिहिलंय?

काडी काळी पडली होती. पण मेणाचा खडू पाण्यानं जात नाही. लाल, गोल अक्षरं होती: 'पान विष. खाऊ नये. सईला दाखवणे.'

हेलेना सांगत होती, मी तिला गळ्याला हात लावून दाखवलं होतं, असं, की पान खाल्लं तर मरशील. तिला लगेच कळलं. तिथल्या तिथे बसून लिहिलं. मी दांडे द्यायचे तेव्हा पानं तीच मोडून खतात टाकायची, नंतर दोनदा हात धुवायची. हुशार बाई. का गं, काय लिहिलंय?

मी तिथे चिखलातच बसले.

त्या वेळी राहून गेलेलं काम मला आता करायचं होतं. माफी मागायची होती. आता गंमत बघा, आपल्या मराठीत मोठ्या माणसाची माफी मागायला शब्दच नाही. सई दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणते, सोफ्याला पाय लागला तरी सॉरी. मी आईंना सॉरी म्हणू? सॉरी म्हणजे बसमध्ये धक्का लागला तर म्हणतात ते. 'माफ करा' म्हणू? ते आपण दाराशी आलेल्या भिकाऱ्याला म्हणतो, माफ करा, पुढे जा. क्षमा नाटकात मागतात. दोन दिवस मी शब्द शोधत होते. शेवटी आमच्या आजोळी लेकी सासरी निघताना वडीलधाऱ्यांना म्हणायच्या ते आठवलं: माझ्या चुका पोटात घाला.

रविवारी सकाळी मिलिंद सईला पोहायला घेऊन गेला तशी मी फोन लावला. कॉलिंग कार्ड, लाइनमध्ये खरखर, आपलंच बोलणं परत ऐकू येतंय.

"आई, मी बोलतेय. आई, माझ्या चुका..."

"चुका? आला का?" त्यांचा आवाज एकदम उजळला. "चुका आला का वं? बर्फातून आला?"

"हो. आला." मी गडबडले. "आला, पण आई, मला म्हणायचं होतं..."

"खुडला का? कवळा आहे तोवर खुडून घे. दांडा येऊ देऊ नको त्याला, मग जून होते. चण्याची डाळ टाक, शेंगदाणे टाक. गूळ तू टाकशीलच, पुण्याची ना तू." मग म्हणाल्या, "आणि पोट्टीला दे भातासंगं. पचते तिला."

पचते तिला. एवढंच म्हणाल्या. मी डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "आई, चुका पोटात घाला."

खरखर. मला वाटलं, लाइन तुटली.

"काय म्हणून राहिली?"

"चुका पोटात घाला म्हणतेय."

परत काही वेळ नुसती खरखर. मग म्हणाल्या, "हो वं बाई. घातल्या, घातल्या. ठेव आता, कार्ड संपून राहिलं तुझं."

फोन ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझी खात्री झाली की त्यांना कळलंच नाही. मी माफी मागितली आणि त्यांनी भाजी ऐकली. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत असं झालं नसतं. परत लावावा का फोन? स्पष्ट सांगावं, आई, भाजी नव्हे हो, मी त्या दिवशी जे बोलले ते? पण एकदा जमवलेला धीर परत जमत नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी मिलिंद घरात होता. त्याच्या पुढच्या रविवारी मीच टाळलं. आईंचा आवाज ऐकला की मला ती संध्याकाळ आठवायची, आणि एवढी माफी मागूनही यांच्यापर्यंत पोचली नाही, हे आठवायचं. मग मी फोन मिलिंदच्या हातात द्यायचे आणि भांडी घासायला जायचे. "आई विचारतेय तुला," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "हात ओले आहेत."

त्याच जूनमध्ये आई गेल्या. झोपेतच. मिलिंद एकटा गेला, सगळं करून आला. मी अंगणात गेले तर चुक्याला हातभर दांडा आला होता, वर लाल तुरे. मी खुडायचं विसरले होते.

तेव्हापासून दर मार्चमध्ये तो येतो. मी न बोलावता, काही खतपाणी न घालता. दर वर्षी मी भाजी करते, डाळ आणि शेंगदाणे घालून. आता गूळ घालत नाही. आणि दर वर्षी पहिला घास घेताना म्हणते, आई, तुमच्यापर्यंत पोचलं नाही हो.

यंदाही तसंच म्हणणार होते. काल शनिवार, मी आतापासूनच खोकी भरत होते. सई मागच्या अंगणातून चिखलाचे बूट घेऊन तशीच आत धावत आली.

"आई! आई! चुका आल्या! खूप आल्या, कम अँड सी!"

खोड कुठली जातेय. खोक्यातून मान वर न काढता म्हटलं, "आल्या नाही गं. आला. चुका आला. भाजी आहे ना, तो चुका. चुका आला, चुका खुडला, चुका खाल्ला."

"देन व्हॉट इज आल्या?"

"त्या दुसऱ्या चुका. मिस्टेक्स. त्या 'त्या' असतात. चुका झाल्या, चुका केल्या, चुका पोटात..."

आणि माझा हात चिकटपट्टीवर तसाच राहिला.

हो वं बाई. घातल्या, घातल्या.

घातला नव्हे. घातल्या.

आख्ख्या फोनभर त्या चुक्याला 'तो' म्हणत होत्या. आला का, खुडला का, दांडा येऊ देऊ नको त्याला. त्या 'राहिली' म्हणायच्या, 'काहून' म्हणायच्या, पण चुक्याला त्यांनी जन्मात कधी 'त्या' म्हटलं नसतं. त्यांना कळलं होतं. त्या क्षणी, त्या खरखरीत, पुरतं कळलं होतं आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. जगाचं मराठी सुधारत फिरणाऱ्या मला तेवढं एक अक्षर ऐकू आलं नाही.

आणि मग त्या आणखी तीन महिने होत्या. बारा रविवार. बाराही रविवारी त्यांनी मला विचारलं, आणि मी हात ओले आहेत म्हणून आत गेले. त्यांनी तर सगळं पोटात घातलं होतं. त्यांना वाटलं असणार, हिचा राग अजून गेला नाही. हेच मनात घेऊन गेल्या असतील.

मी सईबरोबर बाहेर गेले. कुंपणापाशी अजून बर्फाची एक कड शिल्लक होती आणि तिच्या अलीकडे खरंच भरपूर आला होता, बोटभर लांब पानं, कोवळी. वरच्या खिडकीतून हेलेनानं हात केला. सई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी का रडते ते तिला कळेना. तिनं माझी बाही ओढली.

"आई, सो व्हिच वन? आला की आल्या?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि खाली बसून खुडायला लागले.